ओलं कापड उघडं नाही

२ मार्च, सकाळ
वही लेकीने दिली. म्हणाली, आई, वर गेल्यावर कुणाला फाडकन बोलावंसं वाटलं की आधी यात लिही. लिहिते. पेन्सिल दोरीने मनगटाला बांधली आहे, नाहीतर पळते.

आम्ही चौघं. कॅप्टनबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज मात्र सासूचा. डॉक्टर म्हणजे हाडांचा सापळा, कोण किती प्यालं आणि किती सोडलं ते लिहून घेतो. आणि पाणीवाला. यानातलं पाण्याचं मशीन याने स्वतः बनवलं, अठरा वर्षं खपून. माझ्याच वयाचा. मला ताई म्हणतो, म्हणून मी पाणीभाऊ म्हणते.

मला का आणलं ते ऑफिसवाल्यांनी गोल गोल सांगितलं. चौथी पास, हाताने काम केलेली साधी बाई इथं सहा महिने कशी राहते ते बघायचंय म्हणे. खरं कारण मला ठाऊक आहे. इथं घर बघणारं कुणी नव्हतं. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात बावीस वर्षं, त्यातली नऊ बॉयलरवर. माझ्यासारखी दुसरी कुठून आणणार?

संकल्प: आठ दिवसांत यान चकाचक. पंधरा दिवसांत सगळ्यांना शिस्त. कुणाशी भांडायचं नाही.

भिंतीवर टाकीचा आकडा दिसतो. १८६ लिटर.

३ मार्च
अंगाला वळण नाही या लोकांच्या! इथं अंघोळ म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसणं. व्यायाम झाला की दुसऱ्या टॉवेलने घाम पुसणं. आणि मग तो ओला टॉवेल बोळातल्या पंख्यासमोर चिमटा लावून सोडून द्यायचा. जाता येता तोंडाला लागतो. एकच टॉवेल म्हणे आठवडाभर वापरायचा.

धुलाईखात्याचा पहिला नियम: ओलं कापड उघडं नाही. पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, तोंड बांधायचं, वर तारीख. नाहीतर रोगराई. चौघांचे आठ टॉवेल बांधून मागच्या कोठीत नेऊन ठेवले. सगळ्यांना नवे काढून दिले, आता रोज असंच. कोठीत दोनशे चाळीस आहेत, काय कमी आहे?

बोळ कसा मोकळा दिसतो.

पाणीभाऊने विचारलं, ताई, टॉवेल पंख्यासमोर वाळत घालता ना? मी म्हटलं, टॉवेलांचं माझ्यावर सोडा, बावीस वर्षं तेच करत आले. ओशाळला. पुन्हा विचारायची छाती नाही त्याची.

५ मार्च
लिहायलासुद्धा किळस येते. इथलं पाणी म्हणजे आमचंच. लघवी, घाम, तोंडाची वाफ, सगळं मशीनमध्ये जातं आणि नळाला येतं. पाणीभाऊने हौसेने झाकण उघडून दाखवलं. आत ड्रम गरगर फिरतो. इथं पाणी खाली बसत नाही, म्हणून फिरवून भिंतीला चिकटवायचं, मग त्याची वाफ काढून गार करायची. म्हटलं, हा तर आमचा कपडे पिळायचा ड्रम, यात अठरा वर्षं कसली? तो हसला. पण कान लाल झाले.

ठरलं. मशीनचं पाणी तोंडाला लावायचं नाही. खालून आणलेलं कोरं पाणी तेवढं प्यायचं.

५ मार्च, दुपार
डॉक्टर म्हणतो, मावशी, कोरं कुठलं? पहिल्या तासापासून तुम्ही तेच पिताय. काल तुम्हीच म्हणालात, पाण्याला चव आहे हो.

मी असं म्हटलेलं नाही.

७ मार्च
टाकी १७७. असेल.

चहाचं काही खरं नाही. पिशवीत पत्ती, नळीने गरम पाणी सोडायचं, की झाला. नळाचं पाणी गरम असतं, उकळलेलं नसतं. उकळी न फुटलेला चहा म्हणजे रंग दिलेलं अंघोळीचं पाणी. जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, या आठवड्यात तुम्हाला उकळीचा चहा पाजते, नाहीतर बॉयलरवाली नाव लावणार नाही. कॅप्टनबाई म्हणाली, मावशी, इथं उकळणं वेगळं असतं. म्हटलं, पाणी ते पाणी.

९ मार्च
टाकी १७३. पाणीभाऊ म्हणाला, जेवढं पितो तेवढं जवळजवळ सगळं परत यायला हवं. दिवसाला पेलाभर कमी झालं तर समजू शकतो, दोन लिटर नाही. लघवीचा हिशेब बरोबर लागतो. हवेतलं पाणी परत येत नाहीये.

मी म्हटलं, हवेतून पाणी येतं का कधी? तो म्हणाला, निम्मं तिथूनच येतं, ताई. शिकलेल्यांशी वाद घालू नये.

१० मार्च
पाणीभाऊने मला उकळी दाखवली. काचेच्या बंद डबीत पाणी, पाण्यात तार. तार तापली. मला वाटलं आता बुडबुडे वर येतील. वर कुठले? इथं वरच नाही. एकच बुडबुडा धरला, आणि तारेलाच चिकटून फुगत बसला, लाडावलेल्या पाहुण्यासारखा, उठायचं नाव नाही. कडेचं पाणी गारच. तार मात्र आतल्या आत कोरडी पडून लाल झाली आणि बटण आपोआप बंद.

त्याने समजावलं, खाली गरम पाणी हलकं होऊन वर जातं, गार खाली येतं, बुडबुडा सुटून पळतो. इथं कुणी कुठं जात नाही. हलवावं लागतं.

नाचता येईना अंगण वाकडं. हलवावं लागतं ना? हलवते.

१२ मार्च
झालं ते असं. जेवण गरम करायच्या पेटीत पाण्याची पिशवी ठेवली. पेटी फार तापू नये म्हणून जे बटण आपोआप पडतं त्याला चिकटपट्टी लावली. दर मिनिटाला पिशवी काढून हलवायची, परत ठेवायची. छान चाललं होतं. मग पिशवी फुगायला लागली. उशीएवढी झाली. मी म्हटलं, हीच उकळी. तेवढ्यात फाटली.

गोळा निघाला. नारळाएवढा, थरथरणारा, वाफाळणारा पाण्याचा गोळा. जमिनीवर पडत नाही काही नाही, सरळ चालला. समोर कॅप्टनबाई भिंतीचं झाकण उघडून विजेच्या तारांत हात घालून बसलेली, पाठ आमच्याकडे. डॉक्टर ओरडला. भिंतीला लाथ मारून झेपावले आणि दोन टॉवेलांत गोळा पकडला, तारांपासून हातभर अंतरावर. गरम पाणी इथं ओघळत नाही, चिकटून बसतं. डावा तळहात सोलला.

घंटा वाजत होती. कॅप्टनबाईने ती बंद केली, माझ्या हाताकडे बघितलं, तारांकडे बघितलं, आणि भिंतीचं झाकण लावायला घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पिशव्यांचा माल हलका आहे. खाली कळवायला हवं.

ते दोन टॉवेल पण लगेच बांधून टाकले. हात भाजलेला असतानासुद्धा नियम मोडला नाही, याची नोंद कोण घेणार?

१४ मार्च
टाकी १६१. कॅप्टनबाईने माणशी पाणी कमी केलं. चहा दिवसातून एकदा, तोही न उकळलेला. बरोबरच आहे, पाणी कुणीतरी पळवतंय. कोण ते मी शोधते.

लेकीशी बोलणं झालं. हाताची पट्टी दिसू नये म्हणून हात मागे धरला, तर हात आपोआप पुढे तरंगत आला. म्हणाली, आई, तिथं तरी कुणाचं ऐकत जा. वर आणि आठवण काढली, मी तिचे ओले शाळेचे कपडे पिशवीत बांधून ठेवले होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांना बुरशी आली होती. एवढ्या लांबून फोन, आणि काढायचं काय तर हे. तेव्हा पिशवीचं तोंड नीट बांधलं नव्हतं, एवढंच.

१६ मार्च
मशीनच्या तोंडाशी एक गार पत्रा आहे, त्यावर दव साचतं. अस्वच्छ! पाणीभाऊ उठायच्या आत रोज कोरड्या टॉवेलने लखलखीत पुसून ठेवते. सांगितलं नाही. सांगून केलेलं काम ते काम नव्हे.

टाकी १५७.

१७ मार्च
डॉक्टरवर नजर ठेवली. केस जरा जास्तच चमकतात. सकाळी त्याच्या कप्प्यासमोर पंधरा मिनिटं लटकून राहिले. बाहेर आला तो दचकला. म्हणाला, मावशी, काय हवंय? म्हटलं, डोकं दाखव. हुंगलं. तेलकट. दोन आठवडे धुतलेलं नाही, एवढं नक्की.

डॉक्टर निर्दोष. कळकट, पण निर्दोष.

१९ मार्च
सगळ्यांचे ओठ फुटले. नाकात खपल्या. डॉक्टर म्हणतो हवा फार कोरडी झाली आहे, अशी व्हायला नको. पाणीभाऊने मशीन तिसऱ्यांदा उघडलं. नट, वॉशर, नळ्या, सगळं पिशव्यांत घालून भोवती टांगलेलं आणि मध्ये तो. सारखं पुटपुटत होता, पत्रा गार आहे, पंखा फिरतोय, मग दव जातं कुठं, दव जातं कुठं.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते असल्या लोकांसाठीच. मशीन त्याने केलंय, दोष मशीनमध्ये आहे, आणि त्याला दिसत नाही. आईला आपल्या पोराचं नाक नकटं दिसतं का कधी?

२० मार्च
टाकी १४९. खालच्या ऑफिसातल्या माणसाने आठवड्याची मुलाखत घेतली. दर वेळी विचारतो, झोप लागते का, एकटं वाटतं का. आज विचारलं, पाण्याबद्दल तुमचं काय मत? एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला मत विचारलं. सांगितलं, मशीन गळतं. नऊ वर्षं बॉयलर सांभाळलाय, गळकं मशीन मला आवाजावरून कळतं. त्याने लिहून घेतलं.

बरं वाटलं.

२१ मार्च
कॅप्टनबाईने सगळ्यांना बोलावून खालचा निरोप वाचला. ३१ तारखेच्या आत टाकी १३० ला आली तर यान सोडून सगळ्यांनी खाली यायचं. पाण्याचं मशीन बाद. पुढच्या यानात जुनं, दुसऱ्या कंपनीचं बसवणार. निरोपात होतं, यानातल्या अनुभवी व्यक्तीनेही गळतीचा निर्वाळा दिला आहे.

पाणीभाऊने विचारलं, अनुभवी व्यक्ती कोण? मी नळी साफ करत होते.

नंतर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, ताई, गळत असतं तर पाणी इथंच कुठंतरी तरंगताना दिसलं असतं ना? गोळे दिसले असते. कुठं दिसतात? मी म्हटलं, सापडेल, धीर धरा. गळकं मशीन गळकंच. पण असं तोंडावर कसं म्हणायचं?

२४ मार्च
टाकी १४२. पाणीभाऊ जेवत नाही. त्याचं जेवण मीच उघडून हातात दिलं, तर हातातच धरून बसला. म्हणाला, मशीनचं काम सुरू केलं तेव्हा मुलगी दुसरीत होती, आता तिला मुलगी आहे. मधलं सगळं या ड्रममध्ये गेलं.

मला फार वाईट वाटलं. शपथ घेतली: गळती मी शोधणार. त्याच्यासाठी.

टॉवेल जवळजवळ संपत आले. दोनशे चाळीस म्हणे! खालच्या लोकांना साधं मोजता येत नाही.

२६ मार्च
टाकी १३८. सगळे जोड तपासले. जिथं ओल दिसली तिथं पुसलं. एकही गळती नाही. म्हणजे गळती आत आहे.

२८ तारखेला कचरागाडी सुटणार. आमच्या यानाला एक खोका जोडलेला आहे, त्यात सगळा कचरा भरायचा, सोडून द्यायचा, तो खाली जाताना हवेत जळून जातो. मागच्या कोठीतली माझी सगळी टॉवेलांची बोचकी त्यात नेऊन रचली. इथं वजन नसतं म्हणतात, पण एकेक बोचकं ढकलताना घाम फुटला, आणि सुटलं की थांबता थांबत नाही. एकाने डॉक्टरला भिंतीपर्यंत नेलं. पिशव्यांना जरा वास येतोय, म्हणून वेळेत गेलेलं बरं.

एकाच्या वर एक, तारीखवार, तोंडं घट्ट. फोटो काढावा असं काम झालंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२८ मार्च, सकाळ
टाकी १३४. दोन दिवस. कॅप्टनबाईने उतरायचे कपडे बाहेर काढायला सांगितले. पाणीभाऊ मशीनला पाठ लावून बसलाय. आज पत्रा पुसायला गेले तर तो तिथंच. पुसता आला नाही.

कचरागाडी चार वाजता.

२८ मार्च, पाच वाजता


साडेतीनला कॅप्टनबाई म्हणाली, दार लावून घ्या. पाणीभाऊ मदतीला आला. शेवटचं बोचकं दारात अडकलं होतं. त्याने एका हाताने ढकललं. बोचकं हललं नाही. तोच मागे गेला, सरळ समोरच्या भिंतीपर्यंत. परत आला, दोन्ही हातांनी धरलं, हळूच पुढे मागे हलवून बघितलं. असं धान्याचं पोतं बघतात तसं. म्हणाला, ताई, यात काय आहे? म्हटलं, टॉवेल. म्हणाला, कोरडे टॉवेल एवढे जड नसतात.

मी म्हटलं, कोरडे कोण म्हणतंय? ओलं कापड उघडं ठेवतं का कुणी?

त्याने गाठ सोडली. एक टॉवेल काढला, पिळला. पाणी त्याच्या मुठीवर चढलं, हातमोज्यासारखं. तो त्याकडे बघत राहिला. मग आत बघितलं, तारीखवार रचलेलं. ३ मार्च. ४ मार्च. ५ मार्च. बोटाने एकेक तारीख वाचत गेला. कॅप्टनबाई मागून ओरडत होती, वीस मिनिटं राहिली, दार लावा. तो म्हणाला, थांबवा. मग इतक्या मोठ्याने म्हणाला की मीसुद्धा घाबरले, गाडी थांबवा, पाणी आहे!

तिने बटण दाबलं. चार वाजून गेले. गाडी सुटली नाही.

पाणीभाऊच्या डोळ्यांना पाणी आलं. इथं ते गालावर येत नाही, डोळ्यावरच भिंगासारखं साचतं, दिसेनासं होतं. त्याने ते टॉवेलने पुसलं. आणि तो टॉवेल पंख्यासमोर नेऊन चिमटा लावला.

२९ मार्च
डॉक्टरने मोजले. दोनशे बत्तीस. एकदम टांगले तर हवा फार ओली होईल म्हणून चाळीस चाळीस करून टांगायचे. बोळभर टॉवेल. वास असा की बोलायची सोय नाही. टाकी १४६.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाहीये. मी इतकं घट्ट बांधलं म्हणून एक थेंब वाया गेला नाही. दुसऱ्या कुणी बांधलं असतं तर? थेंबे थेंबे तळे साचे, ते साचवलं कुणी? कॅप्टनबाईला एवढंच म्हटलं. ती म्हणाली, मावशी, आता गप्प बसा. सासूचा आवाज.

पत्र्याचं तिला सांगितलेलं नाही. विषय निघाला नाही.

३० मार्च
टाकी १५८. खाली रिपोर्ट गेला. पाणीभाऊने लिहिलाय. चोरून नाही, समोर लटकला होता म्हणून वाचला, हळूहळू, बोट ठेवून. पाणी परत मिळालं. कारण: ओले कापड साठवण्याची पद्धत. पद्धत बदलली आहे. कुणाचं नाव नाही. अनुभवी व्यक्ती पण नाही.

त्याला विचारलं, माझं नाव का नाही घातलं? म्हणाला, ताई, तीन तारखेला मी विचारलं होतं आणि तुम्ही रागावलात. मी पुन्हा विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे.

अशा माणसाशी भांडता पण येत नाही.

३० मार्च, संध्याकाळ
मुलाखत. झोप लागते का. लागते. मग म्हणाला, रिपोर्ट आलाय, पण मशीन गळतं हे तुमचं मत आमच्याकडे लिहिलेलं आहे, अजून कायम आहे का? ते कायम असेल तर पुढच्या यानात जुनंच मशीन.

मी म्हटलं, लिहा. मशीन गळत नाही. कधीच गळलं नाही. पाणी मी बांधून ठेवलं होतं. तो म्हणाला, काय म्हणालात? दुसऱ्यांदा बोलायला लावलं. बोलले. आणि पत्र्यावरचं दव पण मीच पुसत होते, रोज, पाणीभाऊ उठायच्या आत. मग पलीकडे टाइप केल्याचा आवाज. खूप टाइप केलं.

वळून बघितलं तर पाणीभाऊ दारात. हळूच म्हणाला, पत्रा पण?

२ एप्रिल
टाकी १८०. खालून निरोप आला, मशीन पुढच्या यानात जाणार. माझ्याबद्दल पण एक ओळ होती. साध्या माणसाला वर पाठवण्याआधी सूचना लिहून नाही, करून दाखवाव्यात. आणि पुढच्या वेळी बॉयलरचा अनुभव विचारू नये.

चहा दोनदा झाला. न उकळलेला. चव आहे हो, असं तोंडातून गेलं. डॉक्टरने लिहून घेतलं.

कॅप्टनबाईने दोरी बांधली आहे, बोळाच्या मधोमध, माझ्या कप्प्यासमोरच. जाता येता टॉवेल तोंडाला लागतात. सकाळी पाणीभाऊ येऊन म्हणाला, ताई, वाळले का तेवढे बघा.

बघितले. आठ. सात वाळलेत. एक अजून ओला आहे, तो तसाच ठेवलाय.